तळ्यावर जाऊन आलो

"मग, काय काय पाहिलंत आमच्याकडे?" काचेमागच्या मुलीने विचारलं, आणि समोरच्या म्हाताऱ्या बाईला वाटलं, प्रश्न मागच्या कुणालातरी असणार. तिने वळूनही पाहिलं. मागे पिवळ्या रेघेवर एक तरुण जोडपं गळ्यात उशा अडकवून उभ्याउभ्या पेंगत होतं. प्रश्न तिलाच होता. मुलीच्या हातात तिचाच पासपोर्ट होता आणि ती तो पुढून मागे, मागून पुढे चाळत होती. पानापानावर शिक्के होते, येण्याचे आणि जाण्याचे, गर्दीत जागा मिळेल तिथे उभे राहावेत तसे एकमेकांच्या अंगावर चढलेले. बाकीचे प्रश्न नेहमीचेच होते. कुठे उतरणार, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. त्यांची उत्तरं मुलाने पहिल्या खेपेलाच तिच्याकडून घोकून घेतली होती, आणि जन्मभर वर्गात पोरांकडून रसायनांची सूत्रं घोकून घेतलेल्या बाईला ती घोकायला जड गेलं नव्हतं. मुलाकडे. तीन महिने. आहे. एवढ्यावर शिक्का पडायचा. या देशाला आपल्या पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, पर्यटक म्हणून तीन महिने खुशाल राहा, मग बाहेर जा, मग परत या. "फक्त जास्त बोलू नकोस, आई," मुलगा म्हणाला होता. "ढबूला सांभाळायला आलेय वगैरे तर चुकूनसुद्धा नाही. इथे ते काम धरतात."

"नातीला सांभाळणं काम कधीपासून झालं रे?"

"इथे झालंय. तू टुरिस्ट आहेस. टुरिस्टसारखी हसत जा जरा."

ती हसली होती. आत्ताही हसून पाहिलं. पण काचेमागची मुलगी शिक्का हातात घेऊन उत्तराची वाट पाहत होती, आणि तिला काही म्हणता काही आठवेना. पाहिलेलं आठवायला तिला कधी त्रास पडत नसे. निरीक्षण आधी, अनुमान नंतर, हे तिचं वर्गातलं पालुपद होतं, पोरं पाठीमागे त्याची नक्कल करायची. तिने काय पाहिलं होतं? सिंकच्या भोकावरची जाळी, जिच्यात रोज भाताची शितं अडकत. फ्रिजचं दार, जे किंचित वर उचलून लावलं तरच चिकटतं. समोरच्या इमारतीतला बनियनवरचा माणूस, जो सकाळी गॅलरीत येऊन एकच पायपुसणं झटकतो आणि झटकून झाल्यावर त्याच्याकडे संशयाने बघतो. शाळेचं फाटक. औषधाचं दुकान. बागेतला वाळूचा हौद, आणि त्यातली वाळू ढबूच्या मोज्यांतून घरभर. हे सगळं तिने इतकं बारकाईने पाहिलं होतं, की डोळे मिटून काढून दाखवलं असतं. पण हे पाहायला म्हणून कुणी समुद्र ओलांडत नाही, एवढं तिला कळत होतं.

मान अवघडली होती. विमानातल्या हवेने ओठ सुकले होते. थोड्याच वेळापूर्वी वाटेत काचेची भिंत लागली होती आणि तिथे ती नेहमीसारखी थांबली होती. मागच्यांचे धक्के खात. आलेल्या लोकांना या खोल्यांकडे आणणारी वाट वरून जाते आणि जाणारे लोक खाली खुर्च्यांवर बसलेले असतात. मध्ये जमिनीपासून छतापर्यंत काच. ही सोय मुलाने शोधून काढली होती. काचेची नव्हे, विमानाची. जे विमान येतं तेच झाडूनपुसून परत जातं. त्याने ती यायची आणि त्यानेच तिचा नवरा जायचा. तीन महिन्यांनी उलट. "मध्ये एका दिवसाचाही खंड नाही!" मुलगा म्हणाला होता, लहानपणी गणित सुटल्यावर म्हणायचा त्याच आवाजात. पहिल्या वर्षी चार-आठ दिवस दोघं आपल्या घरी एकत्र असत. मग सुनेची नोकरी वाढली, मुलाची बदलली, आणि ते दिवसही गेले. ती फळ्यावर काढून शिकवायची: समतोल. बाहेरून पाहिलं तर सगळं स्तब्ध, काही घडत नाही. आत मात्र जितके रेणू इकडून तिकडे जातात, तितकेच तिकडून इकडे येतात. एवढ्या वर्षांत एकाही पोराने विचारलं नव्हतं, की बाई, रेणू दमत नाहीत का?

तेव्हापासून ती दोघं एकमेकांच्या मागेच राहत होती. आपल्या घरी परतल्यावर तिला त्याचा कप उपडा घातलेला सापडे, कपाखाली पाण्याची गोल रेघ. इथे आल्यावर गादीला त्याच्या बाजूने खळगा. सून अभ्रे धुऊन ठेवी, पण खळगा कोण धुणार? पहिल्या रात्री ती त्या खळग्याच्या कडेला निजे, मग झोपेत घरंगळून त्यात जाई. तो उंच, म्हणून तो मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवी. ती आली, की स्टुलावर चढून ती खाली काढी. तो आला, की परत वर. सहा वर्षं मिठाच्या बरणीवरून दोघांचं भांडण चाललं होतं, एक शब्दही न बोलता. आणि जे बोलणं होई ते काचेतून. खालून तो वर बघे, हात हलवी, मग सामानाचा ताबा द्यावा तशा खुणा सुरू करी. नाक चिमटीत धरून मान हलवली, की ढबूची सर्दी गेली. हवेत बोट गोल गोल फिरवून कपाळाला हात लावला, की कपडे धुण्याचं यंत्र पुन्हा बिघडलं. आज त्याने वरचा ओठ उचलून दात दाखवले आणि एका दातावर बोट ठेवलं. याचा दात पडला, आणि फोनवर बोलला नाही! मग त्याने हात कमरेच्या उंचीवर धरला, आणि तिला हसू फुटलं. ढबूचा पहिला दात. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, चला ना पुढे," आणि ती चालू लागली. वळून पाहिलं तेव्हा तो खुर्चीवर बसून बुटाची नाडी बांधत होता. फार वेळ बांधत होता. वरून त्याचा टक्कल पडत चाललेला माथा दिसला. हा माथा तिला आता फक्त वरूनच दिसायचा.

"तळं," ती म्हणाली.

मुलीने भुवया उंचावल्या. "कुठलं?"

"गावाबाहेरचं. मोठं तळं." शब्द सापडले तशी ती भराभर बोलू लागली. "फार छान आहे. पिवळ्या छताच्या होड्या असतात. पांढरे पक्षी येतात, पाण्यावर टेकतात न टेकतात तोच उडतात. तिथे एक बाक आहे, अर्धं उन्हात, अर्धं सावलीत. एक म्हातारा कुरमुरे घेऊन येतो पक्ष्यांना घालायला. मी दुपारची जाऊन बसते."

हे सगळं त्याचं होतं. फोनवर त्याने सांगितलेलं. "आज तळ्यावर जाऊन आलो," तो म्हणायचा, आणि ती आपल्या रिकाम्या घरात कानाला फोन लावून ऐकत राहायची. आधी तिला बरं वाटायचं. मग हेवा वाटू लागला. हा तिथे जातो, मला मात्र ढबूला आणून, खायला घालून, भांडी आवरून उठायला होत नाही. वीज खात्यात खांबांवर चढून जन्म काढलेला माणूस, त्याला फिरायचा कंटाळा. देवळातसुद्धा दारातून हात जोडून परतायचा. आणि आता तळ्यावर जातो! मग पुढच्या खेपेला तिनेही त्याला वस्तुसंग्रहालय सांगितलं. देवमाशाचा सांगाडा, छताला तारांनी टांगलेला, आणि त्याच्या पोटाच्या मागे सुटी सुटी दोन छोटी हाडं, पूर्वी पाय होते त्यांची खूण. ते तिने शाळेच्या पुस्तकातून उचललं होतं. "अगं बाई!" तो म्हणाला होता. "म्हणजे देवमाशालासुद्धा पूर्वी चालावं लागायचं?" नंतर तो मधूनमधून विचारायचा, "तुझा देवमासा काय म्हणतो?" आपण सांगितलं ते बनावट आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तरी त्याचं तळंही तसंच असेल, अशी शंका तिला आजवर एकदाही शिवली नव्हती.

काचेमागच्या मुलीने शिक्का खाली ठेवला. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. उलट त्यावर हसू होतं, आणि तेच वाईट होतं.

"पिवळ्या होड्या," मुलगी म्हणाली. "तुम्ही बसलात त्यांच्यात?"

"नाही, लांबून पाहिल्या."

"मी त्याच बाजूची. माझे वडील तळ्यात होड्या चालवायचे. मी शाळेत होते तेव्हा बंद झाल्या. पाणी आटवलं, बाई. आता तिथे कुंपण आहे आणि आत पुरुषभर गवत." तिने पासपोर्ट मिटला. "जरा बाजूला बसता का? साहेब बोलतील."

बाजूच्या खोलीत एक टेबल होतं, तीन खुर्च्या आणि एक घड्याळ, जे भिंतीवर न लावता भिंतीला टेकवून ठेवलं होतं. ती बसली. भीती वाटायला हवी होती. तिने आत चाचपून पाहिलं, द्रावणात कागदाची पट्टी बुडवून पाहावी तसं, तर पट्टीचा रंग बदलेना. भीतीऐवजी तिला सारखं ते बाक दिसत होतं, अर्धं उन्हातलं, अर्धं सावलीतलं. एवढं खरं दिसणारं बाक त्याने आणलं कुठून? मग तिला कळलं. स्वयंपाकघरातून. दुपारी ओट्यापाशी जे स्टूल असतं, त्यावर खिडकीतून अर्धं ऊन पडतं. ती त्यावर बसून लसूण सोलते. तोही तिथेच बसत असणार. कुरमुरे ढबूचे. पांढरे पक्षी? दोरीवरची सुनेची ओढणी, मुलाचे सदरे, वाऱ्याने टेकतात न टेकतात तोच उडतात. पिवळ्या होड्या ढबूच्या आंघोळीच्या टबातल्या. त्या तिने कितीदा पुसून उपड्या घातल्या होत्या! स्टुलावर बसून, धुणं आणि भांडी आवरून, त्या माणसाने तिच्यासाठी एक अख्खं तळं भरलं होतं. आपण इथे नुसते ओट्याशी उभे नाही, असं तिला वाटावं म्हणून. आणि ती, विज्ञानाची बाई, ते पिऊन बसली होती.

फोन वाजला. मुलगा बाहेर उभा होता, ढबूला घेऊन.

"आई, कुठेयस? सगळे बाहेर आले."

"मला बसवून ठेवलंय. तळ्याचं विचारलं."

"कसलं तळं?" तिने सांगितलं, थोडक्यात. "आई, तुला कुणी सांगितलं होतं गं तळं? नुसतं बाजार म्हणायचं, मॉल म्हणायचं! बरं, ऐक. मी आत्ताच्या आत्ता शहर फिरवणाऱ्या बसचं तिकीट काढतो, तुझ्या फोनवर पाठवतो. ते दाखव. म्हण, उद्या जाणार आहे. म्हणजे सोडतील, निदान महिनाभर तरी देतील."

"आणि मग?"

"मग बघू. आई, सोमवारी हिचं ऑफिस, माझं ऑफिस. ढबूला शाळेतून कोण आणणार? आणि पुढे ते दुसरं..." तो थांबला. दुसरं म्हणजे सुनेच्या पोटातलं. गोड बातमी त्याने मागच्या महिन्यात सांगितली होती आणि तिने देवापुढे साखर ठेवली होती. साखर ठेवून उभं राहताना गुडघ्यांत एक जडपणा आला होता, जो साखरेइतकाच खरा होता. आणखी सहा वर्षं. त्याच संध्याकाळी नवऱ्याने फोनवर म्हटलं होतं, आज तळ्यावर जाऊन आलो, पक्षी फार होते. त्या दिवशी पक्षी फार का होते, ते तिला आत्ता कळलं.

पलीकडून ढबूचा आवाज आला, "आजी, माझा दात पडलाय! तो आबांनी डबीत ठेवलाय, तू आल्याशिवाय उघडायची नाही म्हणाले! आणि आबा गाणं म्हणतात ते तुला येतं का?"

"कुठलं गं?"

"झोपायचं. रोज म्हणतात."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिने त्याला गाताना कधी ऐकलं नव्हतं. "नाही बाई, मला नाही येत," ती म्हणाली, आणि फोन पुन्हा मुलाच्या हातात गेला. "पाठवतोय, आई. दोन मिनिटं."

साहेब आले. वयस्क, टकले, हातात कागदी कप. त्यांनी तिच्यासमोर दुसरा कप ठेवला. "घ्या. साखर आहे." मग पासपोर्ट उघडून ते बराच वेळ शिक्के पाहत राहिले. "तुम्ही अर्धं वर्ष इथे असता. उरलेलं अर्धं तुमचे यजमान. बरोबर?"

"हो."

"माझी बायको म्हणते, मला तुझ्याबरोबर कुठे आठ दिवससुद्धा फिरायचं नाही. तुम्हाला आमचा देश भलताच आवडलेला दिसतो." ते थट्टा करत होते, पण सावकाश, तिला वाट देत होते. "हे पाहा बाई, मला इथे एक ओळ लिहायची आहे. तुम्ही फिरायला आलात, असं मला काहीतरी दाखवा. एखादं तिकीट, एखादं ठिकाण. मी महिनाभर देतो. पुढच्या वेळी नीट कागद करून या. मला काही तुम्हाला परत पाठवायची हौस नाही."

टेबलावर तिचा फोन उजळला. तिकीट आलं होतं. बसचं लाल चित्र होतं आणि खाली नावं: किल्ला, बाजार, घंटाघर. नुसता फोन वळवायचा होता. वळवला, की महिना. मग नवरा येईल, त्यालाही असंच बसवतील, तोही काहीतरी सांगेल. त्याच्याकडे सांगायला काय आहे? देवमासा. तो या खुर्चीवर बसून, कप हातात धरून, मोठ्या विश्वासाने देवमाशाच्या पायांची दोन हाडं सांगेल आणि समोरचे हसतील. ते हसू तिला काचेमागच्या मुलीच्या चेहऱ्यावर पाहवलं होतं. त्याच्यासमोर ते पाहवलं नसतं. आणि ढबू? ढबू फाटकापाशी उभी, दोन्ही हातांनी दप्तराचे पट्टे धरून, रस्त्याच्या कोणत्या टोकाकडून कोण येतंय ते बघत. तेही दिसलं. स्पष्ट दिसलं. तिने ते चित्र झटकलं नाही. ते राहू दिलं, समोरच, कपाच्या बाजूला. आपण जे करणार आहोत ते याच्या देखत करायचं, असं तिला वाटलं.

"तुम्ही नातीला सांभाळता का?" साहेबांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "आम्ही दोघं. आळीपाळीने."

"ते काम झालं, बाई."

"मुलगाही तेच म्हणतो."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. फोनवरचं चित्र अजून मावळलं नव्हतं. त्यांना ते दिसलं असावं. त्यांनी ओळ लिहिली. "आलात त्याच विमानाने परत जावं लागेल. झाडलोट चालू आहे."

"त्याच विमानाने?"

"त्याच. कंपनीचा माणूस नेऊन बसवेल तुम्हाला."

तिने मुलाला फोन केला. तो आधी चिडला, मग म्हणाला, "पण तू तिकीट का नाही दाखवलंस?" आणि ती म्हणाली, "दमले रे." दुसरं काही म्हणायचं तिच्या मनात होतं, चांगलं, समजावणीचं, पण तोंडातून तेच आलं. मग मुलगा म्हणाला, "ढबूला काय सांगू?" आणि त्याचा आवाज लहान झाला होता, शाळेतून उशिरा घ्यायला गेल्यावर व्हायचा तसा. "सांग, डबी उघड म्हणावं," ती म्हणाली. "आबांना मी सांगते."

कंपनीच्या माणसाने तिला सगळ्यांच्या आधी नेऊन शेवटच्या रांगेत खिडकीशी बसवलं. विमानाला औषधाचा आणि ओल्या फडक्याचा वास येत होता. कुणीतरी आत्ताच पुसून गेलेलं होतं. पुसणाऱ्याचा हात कुठून कुठे फिरला ते समोरच्या फळीवर अजून ओलं दिसत होतं. तिने चपला काढल्या. पाय सुजले होते. आनंद झाला, असं काही तिला म्हणता आलं नसतं. वजनकाट्यावरचं वजन उचललं, की पारडं काही क्षण वरखाली होत राहतं, तसं आत काहीतरी हलत होतं, थांबायला जागा शोधत. मग माणसं येऊ लागली. तिने आधी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यांत म्हातारे किती होते! एकेकटे आजोबा, एकेकट्या आज्या, हातातल्या पिशवीत नातवंडांनी रंगवलेल्या कागदांच्या सुरळ्या. तो जवळजवळ शेवटी आला. राखाडी स्वेटर, कोपर विटलेलं. मधल्याच एका रांगेत थांबून त्याने पिशवी वर ठेवली, खिसे चाचपले, चष्म्याचं घर मिळाल्यावर स्वतःशीच मान हलवली आणि बसला. मान मागे टेकली. कानामागे केस कुणीतरी ओबडधोबड कापले होते. ढबूच्या बोथट कात्रीने बहुतेक, खेळता खेळता. तिला हे सगळं मागून पाहायला मिळत होतं, आणि ती घाई न करता पाहत राहिली. निरीक्षण आधी.

मग दार लागायच्या बेताला तिने हाक मारली. "अहो!"

चार-पाच म्हाताऱ्यांनी एकदम वळून पाहिलं. एकजण तर अर्धा उठलाच. सगळ्यात शेवटी तो वळला, सावकाश, कारण ही हाक इथे आपल्यासाठी असणं शक्यच नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

तो सीटच्या पाठींना धरत धरत आला आणि तिच्या शेजारी टेकला. तिला वाटलं, हात धरील. त्याने तिच्या चपला पायाने बाजूला सारल्या, कुणाच्या पायात येऊ नयेत म्हणून.

"अगं, तू इथे कशी?"

"परत पाठवलं."

"का?"

"तळ्यात पाणी नाही म्हणून."

तो पट्टा शोधू लागला. एक टोक सापडलं, दुसरं तिच्याखाली होतं. ती थोडी उचलली गेली, त्याने ते ओढून घेतलं.

"ढबूला सोमवारी कोण आणणार?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

विमान हललं. खिडकीतून ती काच दिसू लागली, आता बाहेरच्या बाजूने. वरची वाट रिकामी होती, खालच्या खुर्च्याही रिकाम्या होत्या, आणि काच पुसणारा एकजण शिडीवर उभा राहून लांब दांड्याने वरपासून खालपर्यंत पट्टे ओढत होता. नवराही तिकडेच बघत होता. पुष्कळ वेळाने, कानात दडे बसू लागल्यावर, तो तिच्याकडे न वळता म्हणाला, "आणि तो देवमासा?"

"तोही नाही," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला, आणि त्याने स्वेटर काढून तिच्या गुडघ्यांवर घातला.